घाट चढून आलेला बांगडा

देवगडच्या बंदरातून निघून नांदगावापाशी मुंबई–गोवा महामार्ग ओलांडणारा, फोंडाघाट चढून दाजीपूरच्या अरण्याला वळसा घालणारा आणि राधानगरी, मुदाळतिट्टा असे मुक्काम घेत वेदगंगेच्या खोऱ्यातील तंबाखूच्या मुलखात येऊन थांबणारा जो रस्ता आहे, त्याला दप्तरात आणि लोकांच्या तोंडी देवगड–निपाणी रस्ता असे जोडनाव आहे. अशी जोडनावे महाराष्ट्र–कर्नाटकाच्या या सरहद्दीवर आणखीही आढळतात. संकेश्वर–बांदा रस्ता गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा सावंतवाडीकडे उतरतो. बेळगाव–वेंगुर्ले रस्ता शिनोळीपाशी कर्नाटकाची हद्द सोडून चंदगड तालुक्यातून त्याच आंबोलीला जाऊन मिळतो. एका टोकाला बंदर आणि दुसऱ्या टोकाला पठारावरची पेठ असलेले हे रस्ते कोणी मासळीसाठी बांधले नव्हते. वरचा कापूस, तंबाखू आणि गूळ खाली जावा, खालचे मीठ, नारळ आणि विलायती माल वर यावा, आणि बेळगावच्या छावणीतील पलटणींना समुद्र फार दूर नसावा, एवढाच त्यांच्यामागचा हेतू होता. तरी पावसाळा सरून गेल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, उत्तररात्री या रस्त्यांवर आणि चोर्ला व अनमोड या गोव्याकडच्या दोन घाटांत जे टेंपो घरघरत चढताना दिसतात, त्यांतील कित्येकांच्या मागील फळीतून बर्फाचे पाणी ठिबकत असते, आणि त्या बर्फाखाली जे काही असते त्यात बहुतेक वेळा बांगडा अधिक असतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेल्या बेळगावात सुरमई आणि पापलेट येत नाहीत असे नाही; पण ती पाहुण्यांची आणि पगाराच्या पहिल्या आठवड्याची मासळी. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मत्स्याहाराचे वार मानणाऱ्या सामान्य घरात, कॅम्पातील ख्रिस्ती कुटुंबांत, खानापूरकडच्या मराठा शेतकऱ्यांत, निपाणीच्या विडी कामगारांच्या वस्तीत आणि महामार्गावरच्या खाणावळींत जो मासा रोजचा म्हणून गणला जातो, तो बांगडा. ज्या प्रदेशाला समुद्राचा वारा लागत नाही, ज्याच्या नद्या घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा या साऱ्या पूर्वेकडे, म्हणजे अरबी समुद्राकडे पाठ फिरवून वाहतात, त्या प्रदेशाने खाऱ्या पाण्यातील एका माशाला इतके घरचे करून घ्यावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

प्रथम माशाचा परिचय करून घेऊ. शास्त्रज्ञ ज्या प्रजातीला रास्ट्रेलिजर म्हणतात, तिच्यात अवघ्या तीन जाती आहेत, आणि तिन्ही उष्ण कटिबंधातील समुद्रांत वावरणाऱ्या. युरोपातील लोक ज्याला मॅकरेल म्हणतात तो अटलांटिक महासागरातला मासा या कुळातलाच, परंतु वेगळ्या प्रजातीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपला बांगडा त्याच्याच प्रजातीत मोडला जाई, आणि 1908 साली जॉर्डन आणि स्टार्क्स या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञांनी तो तेथून काढून स्वतंत्र मांडला. हा भेद त्यांनी केला तो मुख्यत्वे कल्ल्यांच्या आतल्या रचनेवरून. बांगड्याचे तोंड उघडून पाहिले तर आत कल्ल्यांच्या कमानींवर लांबच लांब, पिसांसारखे दिसणारे कंगोरे दाट बसवलेले आढळतात. मासा तोंड वासून पाण्यातून पुढे जातो, पाणी कल्ल्यांवाटे बाहेर पडते आणि त्यातील सूक्ष्म जीव, म्हणजे कवचधारी कोपेपॉड आणि एकपेशीय डायाटम, या कंगोऱ्यांत अडकून राहतात. तांबड्या समुद्रात पोहणाऱ्या पाणबुड्यांनी टिपलेल्या चलच्चित्रांत शेकडो बांगडे एकाच वेळी जबडे फाकून, चंदेरी पिंजऱ्यांची रांग चालावी तसे, समोरून येताना दिसतात; ताटातला तळलेला बांगडा पाहणाऱ्याला हे दृश्य ओळखता येणे कठीण.

तिन्ही जातींत आपल्या ताटात येणारी जात कानागुर्टा. हे नाव मूळचे तेलुगू. पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश वैद्य अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कंपनी सरकारच्या नोकरीत विशाखापट्टणला होता. आपल्याकडच्या घोणसाला इंग्रजीत ज्या रसेलचे नाव आहे, तोच हा. किनाऱ्यावर कोळी जे मासे आणीत त्यांची चित्रे काढवून, तेथील लोक त्यांना काय म्हणतात ते लिहून ठेवून, त्याने दोनशे माशांचा एक ग्रंथ 1803 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे फ्रेंच प्रकृतिशास्त्रज्ञ कुव्हिए याने त्याच पुस्तकाच्या आधारे या माशाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तेलुगू कोळ्यांचा शब्द जसाच्या तसा लॅटिन पोशाखात जाऊन बसला. दुसरी जात, ब्राखिसोमा, ही अंगाने अधिक रुंद आणि आखूड. डच लष्करात वैद्य असलेल्या ब्लीकर याने बटाव्हियात बसून 1851 मध्ये तिचे वर्णन केले. ती नद्यांच्या मुखाजवळच्या कमी खाऱ्या पाण्यातही राहते. थायलंडात तीच घरोघरची मासळी असून तेथे ती उकडून, मान मोडून, बांबूच्या गोल परडीत नेमकी मावेल अशी बसवून विकतात. भारताच्या हद्दीत ती अंदमानाकडे सापडते. तिसरी, फाउग्नी, इतकी अलीकडची की तिचे वर्णन मात्सुई या संशोधकाने 1967 साली केले. ती सडपातळ, तिच्या कल्ल्यांतील कंगोरे आखूड आणि संख्येने कमी, म्हणजे तोंड उघडले तरी चटकन नजरेत न भरणारे.

कानागुर्टाचा संचार मात्र अफाट आहे. पूर्व आफ्रिका आणि तांबडा समुद्र येथपासून इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत तो पसरलेला आहे, आणि 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर ज्या जीवांनी त्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरकाव केला, त्यांच्या यादीत 1970 साली त्याचेही नाव नोंदले गेले. कालवा खणणाऱ्या अभियंत्याच्या नकाशात जसा हा मासा नव्हता, तसाच तो वेंगुर्ल्याचा रस्ता आखणाऱ्या साहेबाच्याही नकाशात नव्हता.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बांगड्याचा मुख्य मुलूख रत्नागिरीच्या दक्षिणेपासून केरळातील कोल्लमपर्यंत, आणि त्याचा मोसम पावसाळ्याच्या उत्तरार्धानंतरचा. नैऋत्येचे वारे जेव्हा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलतात, तेव्हा त्याची जागा घ्यायला खालचे थंड, क्षारसंपन्न पाणी वर येते. त्यावर वनस्पतिप्लवक माजतात, त्यांवर प्राणिप्लवक पोसतात आणि त्यांच्यामागून बांगड्याचे थवे किनाऱ्याकडे येतात. पाण्याचा रंग पालटतो, वर पक्षी घिरट्या घालतात, अंधाऱ्या रात्री थवा हलला की पाण्यात निळसर प्रकाश उमटतो, आणि या खुणा ज्याला वाचता येतात अशा जुन्या माणसाच्या इशाऱ्यावर रापण टाकली जाते. होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळ काढून परत येते, आणि वाळूवर उभी असलेली बायकापुरुषांची फौज दोन्ही टोके ओढते. पकडीचे वाटे कसे पडावेत याची गावागावांची वहिवाट ठरलेली असे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, हाताचा वाटा, देवाचा वाटा. गोव्यात हीच रांपण आणि कारवारच्या खाली रांपणी. एका ओढीत हजारोंनी मासा यावा आणि पुढचे कित्येक दिवस जाळे कोरडे राहावे, ही या मासेमारीची रीत. आणि बांगडा पठारावर स्वस्त मिळतो तो याच रीतीमुळे, कारण जो मासा एकदम गाडाभर येतो तो किनाऱ्यावरच्या पोटांत मावत नाही.

मावत नाही, आणि टिकतही नाही. येथे घाटावरच्या माणसाच्या कथेला खरा आरंभ होतो. बांगडा सतत पोहणारा, रक्ताने आणि तेलाने समृद्ध असा मासा. त्याच्या तांबूस मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा मेल्यावर उष्ण हवेत त्याच्या कल्ल्यांतील व आतड्यांतील जंतू त्या हिस्टिडिनचे हिस्टामिन बनवतात, आणि ते एकदा बनले की कितीही उकळा, तळा, त्याचा नाश होत नाही. खाल्ल्यावर घटकाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगभर गांधी उठतात. आपल्याकडे त्याला अंगावर पित्त उठणे म्हणतात आणि दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीला देतात. दोष प्रकृतीचा क्वचितच असतो. बहुधा तो आंबोलीच्या वळणावर पंक्चर झालेल्या गाडीचा असतो. किनाऱ्यावरच्या माणसाला मासा कोणत्या जाळ्यात, कोणत्या खडपापाशी मिळाला हे ठाऊक असते. घाटावरचा माणूस बांगड्याचे वय त्याच्या मरणापासून मोजतो. त्यामुळे या प्रदेशातील बांगड्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात जाळ्यांपेक्षा मीठ, बर्फ आणि चाक यांचाच मजकूर अधिक यावा लागेल.

मिठाचा अध्याय सर्वांत जुना. सव्वाशे-दीडशे किलोमीटरांची घाटवाट बैलगाडीला चार-पाच मुक्कामांची. रामघाटाच्या जुन्या चढणीवर तर लमाणांचे तांडेच चालत. त्या काळी ताजा बांगडा बेळगावात येणे अशक्य होते, आणि म्हणून कैक पिढ्यांनी बांगडा म्हणून जो ओळखला तो खारा बांगडा: पोट चिरून, आतील घाण काढून, मीठ भरून थरांवर थर दाबलेला, पिवळसर झाक आलेला. इंग्रजी अमदानीत मिठावर जबर कर असल्याने मासळी खारवणे हा महसूल खात्याच्या देखरेखीचा विषय झाला. चोरट्या मिठाला आळा बसावा आणि कोळ्यांचा धंदाही बुडू नये, म्हणून सरकारने किनाऱ्यावर ठिकठिकाणी मासळी खारवण्याची कुंपणबंद आवारे उघडली, आणि तेथे करातून सूट दिलेले मीठ अंमलदाराच्या डोळ्यांदेखत मोजून देऊन त्यातच मासा खारवला जावा असा दंडक घातला. गमतीची बाब अशी की रत्नागिरी आणि कारवार हे दोन्ही किनारी जिल्हे मुंबई इलाख्याच्या ज्या दक्षिण भागात मोडत, त्या भागाच्या कमिशनरची कचेरी बेळगावातच होती. म्हणजे किनाऱ्याचे कागद आणि किनाऱ्याचा खारा बांगडा हे दोन्ही एकाच घाटाने एकाच गावी येत असत. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 च्या मे महिन्यात जो सत्याग्रह झाला, त्याचे स्मरण आपण स्वातंत्र्याच्या लढ्यातील एक तेजस्वी प्रसंग म्हणून करतो आणि ते योग्यच आहे; परंतु मिठाचा कर हा या भागातील गरिबाच्या कोरड्यासाशी किती निकट निगडित होता, हे खारा बांगडा खाणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागले नसावे. तो कर 1947 च्या एप्रिलात रद्द झाला.

खारा बांगडा आजही निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड येथील आठवडेबाजारांत पोत्यांवर मांडलेला दिसतो, बोंबील आणि सुकटीच्या शेजारी. पावसाची झड लागली, भाताची रोपणी चालू झाली, ताजी मासळी बंद पडली की त्याचे दिवस येतात. निखाऱ्यावर भाजून, नाचणीच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर, कच्चा कांदा फोडून खायचा. एक तुकडा चार भाकरींना पुरतो, यात त्याचे अर्थशास्त्र सारे आले. ताज्या बांगड्याच्या आहारी गेलेली शहरी पिढी त्याच्या वासाला नाक मुरडते. माझ्या मते नाक मुरडण्यापूर्वी एकदा पानात घेऊन पाहावा, कारण मिठाने बांगड्याचे तेल आणि मांस यांत जो काही बदल घडवून आणलेला असतो, तो ताज्या माशाची निकृष्ट प्रत नसून एक वेगळाच पदार्थ असतो.

बर्फ आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि एकदम आला नाही. नॉर्वेच्या साहाय्याने 1952 च्या करारान्वये केरळात जी मत्स्यव्यवसाय योजना सुरू झाली, तिच्या कक्षेत साठीच्या दशकात कारवारही आले. यांत्रिक होड्या, शीतगृहे आणि बर्फाचे कारखाने ही भाषा किनाऱ्यावर रुळू लागली. त्याआधीच, 1947 च्या फेब्रुवारीत स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बांगड्याच्या अभ्यासासाठी कारवारची निवड केली होती, आणि तेथील पकडीवरचा एल. बी. प्रधान यांचा विस्तृत निबंध 1956 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेने कारवार आणि बेळगाव दोन्ही म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात घातले, आणि त्या दिवसापासून सरहद्दीचा जो तंटा उभा राहिला तो महाजन आयोगाचा अहवाल येऊन आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल होऊनही मिटलेला नाही. तंट्याचा तपशील येथे नको. परंतु मासळीच्या दृष्टीने एवढे लक्षात घ्यावे लागते की देवगड, मालवण, वेंगुर्ले महाराष्ट्रात, पणजी व मडगाव गोव्यात, कारवार कर्नाटकात, आणि बेळगावची भूक तिन्हीकडे पाहणारी. गोवा पोर्तुगीजांकडे असताना, 1955 नंतर भारत सरकारने केलेल्या नाकेबंदीने कॅसलरॉकवरून खाली जाणारी रेल्वेही थांबली होती. 1961 च्या डिसेंबरानंतर ती वाट मोकळी झाली.

लॉरी, टेंपो आणि डांबरी घाट यांनी चार-पाच मुक्कामांचा प्रवास चार-पाच तासांवर आणला आणि तेव्हा कुठे ताजा बांगडा पठारावर सामान्यांचा झाला. बेळगावच्या कॅम्पातील मासळी बाजारात सकाळी माल उतरतो. मराठी, कोंकणी, कानडी आणि दख्खनी उर्दू या चारही भाषांत भाव ठरतो. कोंकणीत तो बांगडो आणि कानडीत बंगुडे. गिऱ्हाईक प्रथम अंगठ्याने पाठ दाबते, खळगा लगेच भरून आला की नाही पाहते, मग कल्ल्याचे झाकण बोटाने उचलून आतला रंग तपासते. ज्या कल्ल्यांच्या कंगोऱ्यांवरून विद्वानांनी प्रजाती ठरवली, त्याच कल्ल्यांच्या लालीवरून गृहिणी तास ठरवते, आणि या परीक्षेत ती सहसा नापास होत नाही. ज्या गिऱ्हाईकाला परीक्षा जमत नाही, त्याने ओळखीच्या मावशीकडेच जावे असा शिरस्ता आहे. विश्वास हाही शीतगृहाइतकाच उपयुक्त असतो.

पाकाच्या बाबतीत पठाराने कोकणाचे सगळे जसेच्या तसे घेतलेले नाही. कोकणात आणि गोव्यात बांगड्याचे तिखले तिरफळाशिवाय होत नाही. सारस्वतांच्या घरी उडीद आणि मेथी परतून केलेले उड्डमेथी बांगड्यासाठीच निर्माण झाले असावे असे वाटते. कॅथॉलिक घरांत बांगड्याला चीर देऊन रेशाद मसाला भरतात. बेळगाव शहरात गोव्याचा शेजार असल्याने हे सारे प्रकार सापडतात. पण उत्तरेकडे, हत्तरगी ओलांडून संकेश्वर–निपाणीच्या बाजूला गेले की नारळ मागे हटतो, कांदा-लसूण मसाला पुढे येतो, रस्सा तांबडाभडक होतो आणि भाताची जागा भाकरी घेते. तिरफळ तेथे दुकानात मागितले तर दुकानदार दोनदा विचारतो. संकेश्वरी मिरची, जिचे पीक याच पट्ट्यातले, आणि बांगड्याचे तेल यांचा संयोग ज्याने प्रथम घडवला, त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. कोकणी माणूस या रश्शाला नावे ठेवतो. त्याने ठेवावीत, चार-पाच तास बर्फात राहिलेल्या माशाला जो मसाला लागतो, तो खाडीवरून थेट चुलीवर आलेल्या माशाला लागत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता थोडे किनाऱ्याकडे परत वळले पाहिजे, कारण पठारावरच्या भावाचे मूळ तेथेच आहे. सत्तरच्या दशकात यांत्रिक नौकांवर पर्ससीन जाळी आली. रापण थव्याची किनाऱ्यावर वाट पाहते. पर्ससीनवाला थव्याचा शोध घेत त्याच्यापर्यंत जातो, त्याला जाळ्याने वेढा घालतो आणि बटव्याची दोरी आवळावी तसे तळातून जाळे बंद करतो. जो थवा आठवडाभर गावोगावच्या रापणींत थोडा थोडा सापडला असता, तो एका नौकेत एका दुपारी चढू लागला. कर्नाटकात रांपणीवाले आणि पर्ससीनवाले यांच्यात संघर्ष पेटला; गोव्यात माथानी साल्ढाणा यांच्या पुढारीपणाखाली रांपणकारांचे दीर्घ आंदोलन झाले आणि त्याच्या रेट्याने 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा होऊन किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरांचा पट्टा यांत्रिक नौकांना वर्ज्य ठरला. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा 1981 मध्ये केला, आणि पर्ससीनवर कडक बंधने घालणारा हुकूम 5 फेब्रुवारी 2016 रोजी काढला. समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासा गोळा करण्याच्या युक्तीला केंद्र सरकारने 2017 च्या नोव्हेंबरात मनाई केली. हुकूम निघणे आणि हुकूम पाळला जाणे यांतील अंतर मालवणच्या किनाऱ्यावर कोणालाही विचारावे.

बांगड्याचे स्वतःचेही चढउतार आहेत, आणि ते कोणत्याही कायद्याला जुमानत नाहीत. काही वर्षी तो ओसंडून येतो, काही वर्षी पाठ फिरवतो; वारा, पाऊस, तळचे पाणी किती वर आले, पिल्ले त्या वेळी कोठे होती, अशा अनेक कारणांचा तो संकलित परिणाम असतो. 2018 साली देशभरात सुमारे 2.84 लाख टन बांगडा किनाऱ्यावर आला आणि वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिलेल्या तारलीला मागे सारून तो भारतातील सर्वाधिक पकडला जाणारा सागरी मासा ठरला. हा आकडा वाचून पठारावरच्या वाचकाला वाटेल की भाव पडले असतील. परंतु मंगळूर–उडुपीच्या पट्ट्यात कोंबड्यांचे आणि कोळंबीचे खाद्य बनवण्यासाठी मासळीची भुकटी करणारे कारखाने आहेत. त्यांना तारली आणि बांगडा दोन्ही चालतात, आणि त्यांना ताजेपणाची चिंता नसते. पूर्वी जो अतिरिक्त माल मीठ लावून घाट चढत असे, त्याला आता किनाऱ्यावरच दुसरे गिऱ्हाईक मिळालेले आहे.

त्याच 2018 साली आणखी एक प्रकार घडला, आणि नासणे थोपवण्याच्या या दीर्घ इतिहासात तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे. मढी टिकवण्यासाठी जे फॉर्मॅलिन वापरतात, ते मासळीत असल्याच्या संशयाने जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारात खळबळ उडाली, आणि गोवा सरकारने परराज्यांतून येणारी मासळी काही काळ बंद केली. पुढे नोव्हेंबरात पुन्हा बंधने आली आणि शीतकक्ष असलेली वाहने व परवाने यांची सक्ती झाली. सिंधुदुर्गाची व कारवारची मासळी गोव्याच्या नाक्यांवर अडली. ज्या गोव्याकडे बेळगावकर ताज्या मासळीचे माहेरघर म्हणून पाहतो, तेथेही पश्चिम किनाऱ्यावरील जून-जुलैच्या मासेमारीबंदीत आंध्र, ओडिशा, तामिळनाडूचा माल येतो, ही गोष्ट अनेकांना तेव्हा प्रथमच समजली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मॅलिन आणि अमोनिया झटपट ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या होत्या. केरळच्या नाक्यांवर त्यांचा वापर झाला. अंगठ्याची परीक्षा येथे मात्र हतबल होते, कारण फॉर्मॅलिनने मांस ताठच राहते, आणि दाबल्यावर खळगा पडत नाही म्हणून जो मासा विश्वासार्ह वाटतो, तोच संशयास्पद असू शकतो. भीतीपोटी त्या काळात पठारावरच्या पुष्कळ घरांनी ताज्या बांगड्याकडे पाठ फिरवली आणि खाऱ्याला पुन्हा जवळ केले, ही प्रतिक्रिया मला अगदीच अशास्त्रीय वाटत नाही.

घाटावरच्या ग्राहकाने जो प्रश्न कधी विचारला नाही, तो आता कायदा विचारू लागला आहे: हा मासा जन्मून किती दिवस झाले? बांगडा झपाट्याने वाढतो. पहिल्या वर्षाच्या आसपास, साधारण वीतभर लांबीचा झाला की तो प्रजननक्षम होतो. त्याआधी तो पकडला गेला तर त्याची पुढची पिढी त्याच्याबरोबरच संपते. केरळाने 2015 मध्ये बांगड्यासाठी 14 सेंटिमीटरांची किमान मर्यादा घातली. महाराष्ट्रानेही 2023 साली 54 जातींच्या माशांची किमान आकारमाने ठरवून दिली. हे नियम बंदरावर लागू होतात, आणि बंदरावर जे निसटते ते घाट चढते. कॅम्पात काय, निपाणीत काय, मोठे बांगडे नगावर किंवा किलोवर विकले जातात आणि लहान पिल्ले वाट्यावर; वाट्याची किंमत कमी, मांस कोवळे, काटा मऊ, आणि पोरांना तळून घालायला सोयीची म्हणून त्यांना मागणीही चांगली असते. लहान बांगड्याचा वाटा घेणाऱ्या बाईला त्याचे कल्ले लाल आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असते, आणि ते लालच असतात.